महत्त्वपूर्ण खनिजांचा जागतिक व्यापार आणि धोरणं: स्वतःची नोंदवही कशी तयार करायची?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनचं वाणिज्य मंत्रालय आणि सीमाशुल्क प्रशासन यांनी मिळून १८ क्रमांकाची घोषणा काढली. समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम ही ‘रेअर अर्थ’ (दुर्मीळ मृदा) गटातली सात मूलद्रव्यं, त्यांची संयुगं आणि त्यांपासून बनणारे मॅग्नेट परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत, असं तिच्यात म्हटलं होतं. अंमल त्याच दिवसापासून होता. अमेरिकेच्या टॅरिफच्या गदारोळात ही घोषणा बाजूला पडली. जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने जाहीरपणे सांगितलं, की मॅग्नेट मिळत नसल्यामुळे इलेक्ट्रिक वाहनांचं उत्पादन घटणार आहे. मधले तीन महिने मात्र सगळ्यांच्याच हाती होते. घोषणा उघड होती, चीनच्या निर्यातीचे आकडे दर महिन्याला येत होते. दोन्ही एकत्र ठेवून पाहणारे थोडे होते, इतकंच.

हा लेख ते एकत्र ठेवायला शिकण्यासाठी आहे. व्यापाराचे आकडे झालेलं सांगतात, पण का झालं ते सांगत नाहीत. धोरणाच्या बातम्या काय जाहीर झालं ते सांगतात, पण बंदरावर त्याचा काय परिणाम झाला ते सांगत नाहीत. या दोहोंना जोडणाऱ्या गोष्टी तीन: खनिजाचं नेमकं रूप, त्या रूपाचा कोड आणि आदेशाची तारीख. चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा अंबडच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणारे, अर्थविषयक लिखाण करणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, अशा कुणालाही हे काम जमेल. इथे सांगितलेली मुख्य साधनं फुकट आहेत. लागतात ती एक्सेल शीट आणि चिकाटी.

आधी प्रश्न, मग खनिज

‘महत्त्वपूर्ण खनिजं’ अशी जगभर एकच यादी नाही. भारताच्या खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये ३० खनिजांची यादी जाहीर केली. अमेरिकेची यादी २०२२ मध्ये ५० खनिजांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ६० वर गेली आणि तिच्यात तांबं, चांदी, पोटॅश अशी नावं आली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात ३४ कच्चे माल ‘महत्त्वपूर्ण’ आहेत आणि त्यांतले १७ ‘सामरिक’. मँगनीज पाहा. नागपूरच्या मॉइल या सरकारी खाण कंपनीमुळे आपल्या ओळखीचं हे खनिज अमेरिका आणि युरोप या दोघांच्या यादीत आहे, भारताच्या ३० मध्ये नाही. कारण सरळ आहे: प्रत्येक देश आपल्या उद्योगाला लागणारी आणि आपल्याकडे नसलेली खनिजं पाहून यादी करतो.

म्हणून कुठल्याही यादीतून सुरुवात करू नका. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘माझ्या मोटारींना लागणारे मॅग्नेट पुढच्या सहा महिन्यांत मिळतील का?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘खनिजांचं भूराजकारण समजून घ्यायचं आहे’ हा प्रश्न नव्हे, कारण कुठला आकडा पाहायचा हे त्यातून कळत नाही. सुरुवातीला एकच खनिज घ्या, फार तर दोन. तीस खनिजांची शीट उघडणारे बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात ती बंद करतात.

खनिजाची साखळी कागदावर मांडा

सर्वात जास्त वेळ या पायरीला द्या. खनिज खाणीतून निघतं एका रूपात, जहाजावर चढतं दुसऱ्या रूपात आणि कारखान्यात पोचतं तिसऱ्या रूपात. प्रत्येक रूपाला सीमाशुल्काच्या भाषेत वेगळा कोड असतो. हे एचएस कोड जागतिक सीमाशुल्क संघटना ठरवते आणि त्यांचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात.

इंडोनेशियाचं निकेल घ्या. १ जानेवारी २०२० पासून त्या देशाने कच्च्या निकेल धातुकाची निर्यात बंद केली. धातुकाचा कोड २६०४. तेवढाच कोड पाहणाऱ्याला वाटेल, की इंडोनेशिया निकेलच्या बाजारातून उठून गेला. प्रत्यक्षात तो आज जगातला सर्वात मोठा निकेल उत्पादक आहे. माल फक्त रूप बदलून बाहेर पडतो: फेरोनिकेल आणि निकेल पिग आयर्न म्हणून ७२०२ ६० मध्ये, मॅट म्हणजे अर्धशुद्ध निकेल म्हणून ७५०१ १० मध्ये, बॅटरीसाठी लागणारा हायड्रॉक्साइडचा मध्यवर्ती (अर्धवट प्रक्रिया झालेला) माल ७५०१ २० मध्ये आणि बराचसा थेट स्टेनलेस स्टील होऊन. तिथल्या भट्ट्या इतक्या वाढल्या, की २०२४ मध्ये इंडोनेशियाने फिलिपिन्सकडून १ कोटी टनांहून अधिक निकेल धातुक आयात केलं. ज्या देशाने धातुक विकणं थांबवलं, तोच धातुकाचा मोठा गिऱ्हाईक झाला. एकाच कोडवर नजर ठेवली असती, तर ही उलथापालथ दिसलीच नसती.

सुरुवातीला उपयोगी पडतील असे काही कोड:

- लिथियम: कार्बोनेट २८३६ ९१, ऑक्साइड व हायड्रॉक्साइड २८२५ २०, लिथियम-आयन बॅटरी ८५०७ ६०
- कोबाल्ट: धातुक २६०५, ऑक्साइड व हायड्रॉक्साइड २८२२, मध्यवर्ती माल आणि न घडवलेला धातू ८१०५ २०
- ग्रॅफाइट: नैसर्गिक २५०४, कृत्रिम ३८०१ १०
- रेअर अर्थ: धातू २८०५ ३०, संयुगं २८४६, धातूचे कायम मॅग्नेट ८५०५ ११
- अँटिमनी: धातुक २६१७ १०, ऑक्साइड २८२५ ८०, धातू ८११०

या यादीत लिथियमचं धातुक मुद्दाम लिहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियातून चीनला जाणारं स्पोड्युमीन हा जगातल्या लिथियमचा एक मोठा स्रोत आहे, पण त्याला स्वतःचा सहा आकडी कोड नाही. ते २५३० ९० या ‘इतर खनिज पदार्थ’ अशा मोघम कप्प्यात जातं. गॅलियम, जर्मेनियम, इंडियम आणि नायोबियम हे न घडवलेले धातू तर ८११२ ९२ या एकाच कोडमध्ये कोंबलेले आहेत. एवढी चर्चा होणारी खनिजं सहा आकडी आकडेवारीत वेगळी दिसतच नाहीत. अशा वेळी त्या त्या देशाच्या आठ किंवा दहा आकडी कोडकडे वळावं लागतं.

तिथे आणखी एक सापळा आहे. सहा आकड्यांच्या पुढचे आकडे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. चीनमध्ये ८५०५११ च्या पुढे १० लावलं की रेअर अर्थ मॅग्नेट मिळतात. भारतात त्याच ८५०५१११० या कोडखाली फेराइट कोअर येतात. आकडे तेच, वस्तू निराळी. एका देशाचा आठ आकडी कोड दुसऱ्या देशाच्या संकेतस्थळावर टाकून केलेला तक्ता दिसायला सुबक असतो आणि पूर्ण चुकीचा असतो. शीटमध्ये प्रत्येक कोडशेजारी देशाचं नाव आणि वर्णन लिहाच.

आकडे कुठून आणि कधी घ्यायचे

जगाच्या पातळीवर संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड हा मूळ साठा. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचं ट्रेड मॅप त्याच आकड्यांवर उभं आहे आणि नवख्याला सोपं पडतं. वार्षिक चित्रासाठी दोन्ही उत्तम, पण अनेक देश तिथे आकडे उशिरा पोचवतात. चालू घडामोडीसाठी देशाच्या स्वतःच्या सीमाशुल्क खात्याकडे जायला हवं. चीनचं सीमाशुल्क प्रशासन महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात प्राथमिक आकडे देतं, त्यात रेअर अर्थच्या निर्यातीचं एकूण वजन असतं. कोणत्या देशाला किती गेलं, हा तपशील साधारण २० तारखेला येतो. अमेरिकेसाठी त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचं डेटावेब आहे, युरोपसाठी युरोस्टॅट.

भारतासाठी वाणिज्य विभागाचं ट्रेडस्टॅट वापरा. त्यामागची आकडेवारी कोलकात्याचं वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय गोळा करतं. आठ आकडी कोड आणि देश, दोन्ही निवडता येतात. मात्र आपले वार्षिक आकडे एप्रिल ते मार्चचे असतात आणि कॉमट्रेडचे जानेवारी ते डिसेंबरचे. तुलना करायची असेल तर महिन्यांचे आकडे घेऊन स्वतः बेरीज करा.

उत्पादन आणि साठे यांसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा वार्षिक खनिज सारांश हातात असू द्या. प्रत्येक खनिजाला त्यात दोनच पानं आहेत, पण इतकी दाट माहिती दुसरीकडे क्वचित मिळते. भारतापुरती माहिती हवी असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोचं वार्षिक पुस्तक पाहा. मराठी वाचकांनी या संस्थेकडे अधिक लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या घराजवळ देशाच्या खनिजांचा एवढा मोठा लेखाजोखा तयार होतो आणि मराठीत त्याचा उल्लेख फार कमी येतो.

रुपये-डॉलर बाजूला ठेवा, आधी वजन पाहा

चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला जवळपास ६ लाख युआन होता. २०२५ च्या मध्यावर तो ६० हजारांच्या आसपास होता. म्हणजे तेवढाच माल गेला, तरी किंमत एक दशांश दिसते. मूल्याचा आलेख पाहून ‘लिथियमची मागणी कोसळली’ असं लिहिणारे इथेच फसतात.

वजन घेतलं तरी काम संपत नाही, कारण एक टन धातुक आणि एक टन शुद्ध रसायन सारखं नसतं. लिथियमच्या धंद्यात सगळं लिथियम कार्बोनेटच्या समतुल्य वजनात बदलतात. शुद्ध लिथियमचं वजन ५.३२३ ने गुणायचं. बॅटरीसाठीचं हायड्रॉक्साइड पाणी धरलेल्या रूपात येतं, त्याचं वजन ०.८८ ने गुणायचं. सहा टक्के लिथियम ऑक्साइड असलेल्या स्पोड्युमीनचे ढोबळमानाने आठ टन गेले की एक टन कार्बोनेट हाती लागतं. हे गुणक शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि ते न लावता दोन रूपांची बेरीज कधीही करू नका.

मूल्याला वजनाने भागून येणारा सरासरी भाव हा चांगला पहारेकरी आहे. तो एका महिन्यात अचानक तिप्पट झाला, तर तीन शक्यता तपासा: खरोखर भाव चढला, त्या कोडमध्ये वेगळाच माल मिसळला, किंवा नोंदीतच गडबड झाली.

दोन्ही टोकांची नोंद ताडून पाहा

एका देशाची निर्यात ही दुसऱ्याची आयात असते, तरी दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. निर्यात साधारणपणे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत नोंदवतात, आयातीत विमा आणि भाडं धरलेलं असतं. माल डिसेंबरात निघून फेब्रुवारीत पोचला, तर वर्षही बदलतं. शिवाय दुबई, रॉटरडॅम, हाँगकाँग अशी ठिकाणं मधे असतात. दहा-वीस टक्क्यांचा फरक चालतो. फरक त्याहून मोठा असेल आणि एखाद्या आदेशानंतरच सुरू झाला असेल, तर थांबून शोध घ्या.

अँटिमनीत हेच घडलं. ३ डिसेंबर २०२४ रोजी चीनने गॅलियम, जर्मेनियम आणि अँटिमनीची अमेरिकेला होणारी निर्यात बंद केली. त्यानंतर डिसेंबर ते एप्रिल या काळात अमेरिकेने थायलंड आणि मेक्सिकोतून सुमारे ३,८०० टन अँटिमनी ऑक्साइड आयात केलं, आधीच्या तीन वर्षांच्या बेरजेच्या जवळपास. या दोन देशांकडे एवढ्या खाणी अचानक आल्या नव्हत्या. त्याच काळात चीनकडून त्या देशांना जाणारा माल वाढला होता. बंदीनंतर व्यापार आटला की वळला, हे दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

धोरणांची डायरी

शीटचं दुसरं पान धोरणांसाठी. त्यात एवढे रकाने पुरतात: देश, खनिज आणि रूप, कोड, उपायाचा प्रकार, जाहीर झाल्याची तारीख, अंमलाची तारीख, संपण्याची तारीख, कुणासाठी लागू, मूळ आदेशाचा क्रमांक आणि दुवा.

प्रकाराच्या रकान्यात शब्द जपून वापरा. पूर्ण बंदी, परवाना, कोटा, निर्यात शुल्क, आयात शुल्क, किमान भाव आणि उत्पादनावरची मर्यादा या सात वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रं परवान्यालाही ‘बंदी’ म्हणतात, आणि तिथून सगळा गोंधळ सुरू होतो. चीनमध्ये निर्यात परवान्याच्या अर्जावर निर्णयासाठी कायद्याने ४५ कामकाजाचे दिवस ठेवले आहेत. त्यामुळे परवाना लागू झाला की आकड्यांना एक ओळखीचा आकार येतो. अंमलाच्या आधी साठेबाजीची घाई, मग महिना-दोन महिने जवळजवळ शुकशुकाट, मग हळूहळू वाढ. गॅलियम आणि जर्मेनियमवर १ ऑगस्ट २०२३ पासून परवाना आला आणि त्या महिन्यात निर्यात शून्य नोंदली गेली. ग्रॅफाइटवर १ डिसेंबर २०२३ पासून तो आला आणि आधीच्या दोन महिन्यांत गिऱ्हाइकांनी माल उचलायची धावपळ केली. मॅग्नेटची चिनी निर्यात मे २०२५ मध्ये १,२३८ टनांपर्यंत घसरली, जूनमध्ये ३,१८८ टनांवर आली. मॅग्नेटच्या वेळी तर घोषणेच्याच दिवशी अंमल असल्यामुळे घाई करायलाही वेळ मिळाला नाही. हा आकार ओळखीचा झाला की ‘निर्यात शून्यावर’ या मथळ्याने धडकी भरत नाही आणि ‘निर्यात अडीचपट वाढली’ या मथळ्याने हायसंही वाटत नाही.

जाहीर झाल्याची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळी ठेवण्याचं महत्त्व तांब्याने शिकवलं. जुलै २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी तांब्यावर ५० टक्के टॅरिफ जाहीर केलं. न्यूयॉर्कचा भाव लंडनच्या कितीतरी वर गेला. ३० जुलैला प्रत्यक्ष आदेश आला, तेव्हा १ ऑगस्टपासूनचं शुल्क तार, पत्रे, नळ्या अशा अर्धतयार मालावर होतं, शुद्ध तांब्याच्या कॅथोडवर नव्हतं. न्यूयॉर्कचा भाव २० टक्क्यांहून अधिक कोसळला. घोषणेवर विसंबून माल भरून ठेवणाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा. कोणताही निर्णय मूळ आदेशातले कोड वाचल्याशिवाय घेऊ नका.

मूळ आदेश शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. चीनचं वाणिज्य मंत्रालय घोषणा क्रमांकासह प्रसिद्ध करतं आणि यंत्र-अनुवाद आता कामापुरता चांगला झाला आहे. चिनी आदेशात वस्तूंचे सीमाशुल्क कोड संदर्भासाठी दिलेले असतात, ते आधी पाहा. अमेरिकेचे आदेश फेडरल रजिस्टर या तिथल्या राजपत्रात मिळतात. जगभरच्या निर्यात निर्बंधांची जुनी मालिका हवी असेल तर ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेची यादी आहे, चालू घडामोडींसाठी ग्लोबल ट्रेड अलर्ट आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा धोरण-मागोवा आहे. तिथून सुगावा घ्या, पण डायरीत नोंद मूळ आदेशाचीच करा.

काही धोरणं व्यापार-धोरण म्हणून ओळखूच येत नाहीत. इंडोनेशियात खाणींना दरसाल उत्पादनाचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. ती मंजुरी आखडली की निर्यातीवर एक शब्दही न बोलता पुरवठा घटतो. चीनने २०२५ चे रेअर अर्थ उत्पादनाचे कोटे जाहीर निवेदन न काढताच दिले. दरवर्षी येणारी माहिती येणं बंद झालं, तर डायरीत तीही नोंद करा.

एक उदाहरण शेवटपर्यंत: काँगोचं कोबाल्ट

जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे तीन चतुर्थांश काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून, म्हणजे किन्शासा राजधानी असलेल्या देशातून येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव टनाला साधारण २१ हजार डॉलरपर्यंत उतरला होता. २२ फेब्रुवारीला काँगोने कोबाल्टची निर्यात चार महिन्यांसाठी थांबवली. जूनमध्ये मुदत आणखी तीन महिने वाढवली. १६ ऑक्टोबरपासून बंदी उठून कोटा आला: २०२५ च्या उरलेल्या काळासाठी १८,१२५ टन, २०२६ आणि २०२७ साठी दरसाल ९६,६०० टन.

आता शीटवर हे कसं उतरवायचं ते पाहू. पहिला प्रश्न कोडचा. २६०५ हा कोबाल्ट धातुकाचा कोड पाहिला तर हाती फारसं काही लागत नाही, कारण काँगो धातुक पाठवतच नाही. तिथे कच्चं हायड्रॉक्साइड करून पाठवतात. मग २८२२ पाहावासा वाटतो, तो हायड्रॉक्साइडचाच कोड. पण चीन हा माल ८१०५ २० खाली, मध्यवर्ती माल म्हणून नोंदवतो. म्हणून चीनची आयात, ८१०५ २०, देश काँगो, दर महिना, वजन, ही ओळ घ्यायची.

दुसरा प्रश्न वेळेचा. काँगोतल्या कोल्वेझीच्या खाणपट्ट्यातून माल ट्रकने दार-ए-सलाम किंवा डर्बनसारख्या बंदरात जातो आणि तिथून समुद्रमार्गे चीनला. या प्रवासाला साधारण तीन महिने लागतात. त्यामुळे फेब्रुवारीतल्या बंदीचा मार्च-एप्रिलच्या आकड्यांवर परिणाम दिसत नाही. तेव्हा काही जणांनी बंदी कागदावरच राहिल्याचा निष्कर्ष काढला असता, तर आकडे त्यांच्या बाजूने दिसले असते. जूनमध्ये चीनची आयात मे महिन्याच्या निम्म्याहूनही खाली आली. भावाने इतकी वाट पाहिली नाही. तो बंदीनंतर लगेच चढू लागला आणि शरद ऋतूपर्यंत दुपटीपलीकडे गेला.

तिसरा प्रश्न कोट्याचा. २०२४ मध्ये काँगोचं उत्पादन २ लाख टनांच्या वर होतं. त्याच्याशी ९६,६०० टन ताडून पाहिलं की कळतं, बंदी उठली ही बातमी खरी असली तरी पुरवठा निम्म्याहून कमीच राहणार. आणि ऑक्टोबरात कोटा सुरू झाला म्हणून चीनच्या बंदरात माल लगेच दिसणार नाही. त्याला पुन्हा तोच तीन महिन्यांचा रस्ता आणि त्याआधीचे कागदोपत्री सोपस्कार.

प्रत्येक खनिजासाठी असा ‘आदेश ते आकडा’ अंतराचा एक रकाना ठेवा. मॅग्नेट विमानानेही येतात, तिथे अंतर आठवड्यांचं. कोबाल्टला महिने. हा रकाना नसलेली शीट चुकीच्या महिन्यात चुकीची खात्री देते.

भारताच्या बाजूने काय पाहायचं

आपल्याकडे धोरण तीन दारांतून येतं. आयात-निर्यात खुली की प्रतिबंधित, हे परकीय व्यापार महासंचालनालय ठरवतं. सागरकिनाऱ्यावरच्या वाळूतली खनिजं ऑगस्ट २०१८ पासून फक्त आयआरईएल या सरकारी कंपनीमार्फतच निर्यात करता येतात, हा त्याचाच आदेश. आयआरईएलचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. शुल्काचे आदेश अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाकडून येतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २५ महत्त्वपूर्ण खनिजांना आयात शुल्कातून पूर्ण सूट मिळाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबाल्ट पावडर, लिथियम-आयन बॅटरीचं भंगार आणि इतर काही खनिजांची भर पडली. तिसरं दार खाण मंत्रालयाचं: २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर २४ खनिजांच्या पट्ट्यांचा लिलाव केंद्राकडे आला, आणि २९ जानेवारी २०२५ रोजी मंत्रिमंडळाने १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये रेअर अर्थ मॅग्नेट देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना आली, लक्ष्य वर्षाला ६,००० टन क्षमतेचं.

या बातम्यांचं मला मोल वाटतं, पण शीटमध्ये त्या वेगळ्या रंगात लिहा. सामंजस्य करार, भागीदारी आणि लिलाव यांतून माल यायला वर्षं जातात. खनिज बिदेश इंडिया या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच पट्ट्यांसाठी करार केला. पट्टे शोधकामाचे आहेत. त्या करारामुळे पुढच्या तिमाहीतल्या २८३६ ९१ च्या आकड्यात काहीही बदलत नाही, आणि तसा बदल तिथे शोधूही नये.

दर महिन्याचा क्रम

पहिल्या पंधरवड्यात चीनचे प्राथमिक आकडे, महिन्याच्या मध्यावर भारताचे, २० नंतर चीनचे देशवार. प्रत्येक वेळी आधी धोरणांच्या पानावर नजर टाका: या महिन्याच्या आकड्यात कोणत्या आदेशाचा परिणाम दिसायला हवा? अपेक्षा आधी लिहा, मग आकडा भरा. जिथे फरक पडेल तिथेच वेळ घालवा. शिवाय प्रत्येक खनिजासाठी पहिल्या पुरवठादार देशाचा वाटा आणि पहिल्या तिघांचा वाटा काढत राहा, खाणीसाठी वेगळा आणि शुद्धीकरणासाठी वेगळा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २० सामरिक खनिजांपैकी १९ च्या शुद्धीकरणात चीन पहिला आहे आणि त्याचा सरासरी वाटा ७० टक्क्यांच्या आसपास. फक्त खाणींचा तक्ता पाहिला तर हे अवलंबित्व दिसत नाही.

जागतिक व्यापार संघटनेचे निवाडे वाचा, पण त्यावर खरेदीचं वेळापत्रक बांधू नका. रेअर अर्थच्या कोट्यांविरुद्ध २०१२ मध्ये दाखल झालेल्या तक्रारींचा अंतिम निकाल २०१४ मध्ये चीनच्या विरोधात गेला आणि २०१५ मध्ये चीनने कोटे काढले. इंडोनेशियाच्या निकेल बंदीविरुद्ध युरोपीय संघ नोव्हेंबर २०२२ मध्ये जिंकला, इंडोनेशियाने अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प असल्यामुळे प्रकरण तिथेच अडकलं.

डायरीत आत्ताच भरून ठेवाव्यात अशा काही तारखा आहेत. चीनने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केलेले आणखी कडक निर्बंध, ज्यांत होल्मियम, अर्बियम यांसह पाच नवी मूलद्रव्यं आणि चीनबाहेर बनलेल्या मालावरचे नियमही होते, १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित आहेत. एप्रिल २०२५ ची सात मूलद्रव्यांची परवाना पद्धत त्या स्थगितीत रद्द झालेली नाही, हे शेजारीच लिहा. गॅलियम, जर्मेनियम आणि अँटिमनीवरची अमेरिकेसाठीची बंदी २७ नोव्हेंबर २०२६ पर्यंत थांबवलेली आहे. काँगोचा जाहीर कोटा २०२७ अखेरपर्यंतचा आहे. आणि १ जानेवारी २०२८ पासून एचएस कोडची नवी आवृत्ती लागू होईल. जुना आणि नवा कोड जोडणारा तक्ता जागतिक सीमाशुल्क संघटना प्रसिद्ध करते. तो मिळाला की आधी तुमच्या शीटमधले कोड बदला, आणि जुन्या कोडचा रकाना पुसू नका.